पालखी आणि लाटणं एकाच भावात

चांदगिरीच्या राजवाड्यातून हुकूम आला, की सुतारखान्यात बनलेली पालखी आणि सुतारखान्यात बनलेलं लाटणं एकाच किमतीला विकायचं.

शिपायाने हुकूम वाचून दाखवला. कारखान्याचे मुख्य मिस्त्री सटवाजी यांनी तो पुन्हा वाचायला लावला. दुसऱ्यांदाही तेच निघालं.

ही करामत नवे खजिनदार विसाजीपंत यांची. पंत भारी हुशार. आल्या आल्या ते सरकारी तेलघाण्यावर गेले, महिन्याचा सगळा खर्च एकत्र केला, निघालेल्या तेलाने भागला, आणि शेराला किती खर्च आला ते चुटकीसरशी सांगितलं. स्वतःवर ते इतके खूश झाले, की तोच हिशोब त्यांनी सुतारखान्यालाही लावला. लाकूड, मजुरी, खिळे यांची बेरीज करायची आणि महिन्यात तयार झालेल्या नगांनी भागायची. पालखी एक नग, लाटणंही एक नग. कारखान्यात जाऊन बघण्याची तसदी त्यांनी घेतली नाही. हिशोब इतका चोख असताना डोळ्यांना उगाच त्रास कशाला द्यायचा?

मग गावात एकाएकी सगळ्यांना पालखीची गरज भासू लागली. कासाराने घेतली, तांबोळ्याने घेतली, एकाने तर कोंबड्या ठेवायला घेतली. लाटण्याला मात्र कुणी हात लावेना. कारखाना बुडू लागला.

"सुतार लबाड आहेत," पंतांनी महाराजांच्या कानावर घातलं. "घाण्यावर हाच हिशोब उत्तम चालतो."

उदयभान महाराजांनी सटवाजींना बोलावून घेतलं. म्हाताऱ्या बापाला एकट्याला पाठवायला त्यांच्या मुलीचं, हौसाचं, मन धजेना, म्हणून तीही बरोबर गेली.

"माझ्या राज्यात हिशोबाचा नियम एकच राहील," महाराज म्हणाले. "घाण्याला वेगळा, सुताराला वेगळा, असले लाड चालणार नाहीत. पंतांचा नियम सोसत नसेल तर दोन्हीकडे चालेल असा एक नियम उद्या घेऊन या. नाहीतर कारखान्याला कुलूप."

परतताना सटवाजी वाटेतच बसले. "पालखीला काय लागलं, लाटण्याला काय लागलं, हे वेगवेगळं लिहिल्याशिवाय आपलं जमत नाही. घाण्यावर थेंबाथेंबाचं वेगळं कोण लिहिणार? एक नियम आणायचा कुठून, पोरी?"

सुतारआळीतल्या साऱ्या चुली त्या कारखान्यावर पेटत होत्या, आणि पंतांच्या घरी तर बहुधा पक्वान्न शिजत होतं. हौसाला राग आला. रागातच ती चालत राहिली, आणि घाण्यासमोर पोचल्यावर थबकली. आत जाऊन तिने तेल्याकडून दोन तांबे तेल मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दरबारात भोयांनी पालखी आणून ठेवली. हौसाने महाराजांसमोर परात मांडली आणि दोन्ही तांबे तिच्यात ओतले.

"एक तांब्या कालच्या तेलाचा होता, एक परवाच्या," ती म्हणाली. "महाराजांनी परवाचं तेवढं बाजूला काढून द्यावं."

"ते कसं निघेल? तेल ते तेल."

"बरं." तिने पालखीत एक लाटणं ठेवलं. "आता हे दोन नग एकत्र झाले. यातलं लाटणं बाजूला काढून द्यावं."

महाराजांनी हात घालून लाटणं उचललं. दरबारात खसखस पिकली.

"हाच माझा एक नियम," हौसा म्हणाली. "एकत्र केल्यावर जे वेगळं ओळखता येत नाही, त्याचा खर्च एकत्र करून भागावा. जे ओळखता येतं, त्याचा खर्च त्याच्याच नावावर लिहावा. घाण्याला हाच, सुतारालाही हाच. यातला अर्धा नियम पंतांचाच आहे, मी त्याला हात लावलेला नाही."

पंतांचा चेहरा उतरला, पण जीभ शाबूत होती. "महाराज, इतक्या खोलात कोण जाणार? सगळं एकत्र करून सारखं वाटलं की काम संपतं. कारभाराला तेवढं पुरतं."

"पंत एवढं म्हणतात तर करून बघावं," हौसा नम्रपणे म्हणाली. "राजवाड्यात एक जेवण महाराजांना जातं, एक हत्तीला. नग दोनच. उद्यापासून एकत्र करून सारखं वाढावं. हत्तीच्या वाट्याला अर्धी वाटी श्रीखंड येईल, आणि महाराजांच्या पानात अर्धी गाडी चारा. हत्तीची तक्रार येईल, पण महाराज कारभारासाठी तेवढं सोसतील."

महाराजांनी पंतांकडे पाहिलं, मग हातातल्या लाटण्याकडे, आणि मग ते इतके हसले, की मुगुट सावरायला सेवकाला धावावं लागलं.

त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं, आणि सुतारखान्याचा हिशोब तिच्याकडे सोपवला. पंतांची नेमणूक तेलघाण्यावर झाली.

"तिथे तुमच्या हुशारीला तोड नाही, पंत," डोळे पुसत महाराज म्हणाले, आणि त्यांना पुन्हा हसू फुटलं.