दाराकडे न बघणारा मारुती

आसाणवाडीच्या खिंडीतल्या या देवळातला मारुती दाराकडे बघत नाही. उंबऱ्यात नारळ घेऊन उभे राहा, घंटा बडवा, हा तुमच्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. मुलखात मारुती म्हटला की उभा, हात उगारलेला, वेशीकडे तोंड. आमचा बसलेला. एक गुडघा वर, त्यावर कोपर, तळव्यावर हनुवटी, आणि मान उजवीकडे त्या लाकडी खांबाकडे वळवलेली. खांबापाशी तो झिजलेला दगड आहे ना, त्यावर मात्र बसू नका, पाहुणे. बसायला बंदी नाही, पण त्यावर बसलं की काहीतरी सांगावं लागतं.

कारागिरानंच मूर्ती तशी घडवली असेल, असं म्हणणारेही इथं येऊन जातात. त्यांनाही आम्ही चहा पाजतो.

बसा घोंगडीवर. फोटो मागनं काढा, मारुती कुठं पळून जात नाही. आणि ऐकताना मधूनमधून हूं म्हणत जा. हसू नका, खरंच सांगतोय. या देवळात हूं म्हणणारं कुणी नसेल तर गोष्ट पुढं सरकत नाही.

फार जुनी गोष्ट. किती जुनी ते विचारू नका, आमच्या आज्यानं ऐकली तेव्हाही ती जुनीच होती. त्या काळी देवळाची पूजा सटवाजी गुरवाकडे होती. पूजा काय, पाणी घालून शेंदूर लावला की झाली. सटवाजीचं नाव होतं ते रामकथेसाठी. अक्षरओळख नव्हती, पोथी नव्हती, पण बापाकडून कानांनी आलेली सगळी कथा त्याला तोंडपाठ. पाडवा झाला की रोज दिवेलागणीला तो त्या दगडावर बसायचा आणि गाव इथं जमायचं. मारुती तेव्हा उभा होता म्हणे, चारचौघा मारुतींसारखा. तोंड दाराकडे, नजर खिंडीतून वर येणाऱ्या वाटेवर.

सटवाजीची बायको येसाई. मूलबाळ नाही. ती खांबाला टेकून बसायची आणि कथेला हुंकार द्यायची. नवऱ्याचं एक वाक्य संपलं की तिचं हूं. ते कानावर पडलं की सटवाजी पुढं जायचा, नाही पडलं तर थांबायचा. आपण वाऱ्याला सांगत नाही, माणसाला सांगतोय, एवढी खातरी कथा सांगणाऱ्याला लागतेच. एकदा म्हणे येसाईला डुलकी लागली, तर तेवढा वेळ रामाचा बाण हवेतच राहिला. तिनं उभ्या जन्मात दुसरं काही म्हटलंच नाही, अशी गाव तिची थट्टा करायचं. सटवाजी म्हणायचा, "अगं, कालवणात मीठ जास्त झालंय." ती म्हणायची, "हूं." आणि दुसरं कालवण ठेवायची.

सटवाजीच्या बापानं कथेचा एक नियम घालून दिला होता. कथेतलं रडतं माणूस एकटं सोडून त्या दिवसाची कथा बांधायची नाही, म्हणजे थांबवायची नाही. वेळ झाला तरी चालेल, ऐकणारे पेंगले तरी चालेल, पण त्या माणसाजवळ कुणीतरी पोचलं पाहिजे. मगच उठायचं.

एका वर्षी पावसानं ओढ दिली. त्याच्या पुढच्या वर्षीही दिली. चैत्रात गावच्या झऱ्याला करंगळीएवढी धार उरली. सटवाजीला खोकल्यानं धरलं होतं, तरी तो कथेला बसला. कथा अशोकवनापर्यंत आली. सीतामाईला आणून झाडाखाली बसवलं, भोवती राक्षसिणींचा पहारा. ओळखीचा चेहरा नाही, ओळखीची बोली नाही. माई खाली मान घालून रडते आहे. इथं सटवाजीला अशी उबळ आली की शब्द फुटेना. उबळ ओसरल्यावर तो म्हणाला, "आता उद्या."

येसाईच्या मनात आलं, इथं कसं थांबायचं? मारुती पोचायचा आहे अजून! पण नवरा दमलेला दिसत होता, आणि जन्माची सवय, तिच्या तोंडून गेलं, "हूं." लोक उठले.

दुसऱ्या दिवशी सटवाजी उठलाच नाही.

त्याचे दिवस होईतो झऱ्याची धारही तुटली. तळाशी वाटीवाटीनं पाणी साचायचं, एका माणसाला कसंबसं पुरेल इतकं. गावचे रावजी पाटील, शहाणा माणूस, त्यांनी ठरवलं की गुरंढोरं घेऊन खाली नदीकाठी उतरायचं, पाऊस झाला की परत यायचं. गाठोडी बांधली गेली. येसाई मात्र देवळात बसून राहिली. पाटील स्वतः आले.

"येसाई, ऊठ. इथं आता तुझं कोण आहे?"

"सीतामाई आहे," येसाई म्हणाली. "झाडाखाली बसवून ठेवलीय आम्ही तिला. तिला तशीच टाकून मी नदीवर पाणी प्यायला येऊ?"

"अगं, ती कथा आहे."

"हूं," येसाई म्हणाली आणि जागची हलली नाही.

पाटलांनी समजावलं, रागावून पाहिलं, बायकांनी हात धरून ओढलं. शेवटी नाचणीचं पोतं आणि थोडं मीठ तिच्या दारात ठेवून गाव निघालं. खिंडीच्या वळणावर पाटलांनी मागे वळून बघितलं, असं सांगतात. ती देवळाच्या दारात उभी होती.

गाव गेलं, पाठोपाठ कुत्री गेली. मग कावळेही गेले. उष्टं टाकणारंच कुणी नसेल तर कावळा राहील कशाला? येसाईला घर खायला उठलं. भाकरी थापून झाली की दुसऱ्या भाकरीचं पीठ हातात यायचं, मग ती ते पुन्हा परातीत ठेवायची. कुणाच्या घरात जात्याची घरघर नाही, खोकला नाही, भांडण नाही. शेजारणीशी वर्षभर अबोला होता, त्या शेजारणीचं बंद दार बघूनही तिला रडू यायचं. आपण मेलो तर कुणाला कळेल, हा विचार तिच्या मनात येईच, पण त्याहून मोठी टोचणी दुसरीच होती. आपण मेलो तर माई झाडाखालीच राहील. पुढचं सगळं आपल्याला ठाऊक आहे, आणि आपण ते सांगितलं नाही.

म्हणून दिवेलागणीला ती नवऱ्याच्या दगडावर जाऊन बसली. जन्मात पहिल्यांदा. घसा खाकरला आणि म्हणाली, "सीतामाई झाडाखाली बसली होती."

आणि थांबली. हुंकार कोण देणार?

तिनं स्वतःच हूं म्हणून पाहिलं. छे! ताटावर बसून आपणच आपल्याला आग्रह करावा, तसलं ते. दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाल चुकचुकली, तेवढ्या आधारावर ती एक वाक्य पुढं गेली. पण पालीला काय, तिला माशी दिसली, ती गेली निघून. रोज ती येऊन बसायची, तेच वाक्य म्हणायची आणि अडायची. चैत्र संपला, वैशाख तापला, पोतं अर्ध्यावर आलं. माई झाडाखालीच.

मग एका संध्याकाळी तिचा बांध फुटला. ती रडली, पोटभर रडली. रडताना तिची नजर मारुतीवर गेली. हा आपला छाती काढून उभा, डोळे दाराबाहेर वाटेवर. येसाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिनं जन्मभर हूं सोडून फारसं काही म्हटलं नव्हतं, ती उठून देवापुढं उभी राहिली.

"काय बघतोस रे तिकडं? गाव गेलं! राखायला उरलंय काय? तिकडं लंकेत गेलास तेव्हा बरं कळलं होतं तुला. अंगठी मागनं दिलीस. एकदम समोर गेलास तर बिचारी भेदरेल, म्हणून आधी फांदीवर लपून बसलास आणि हळू आवाजात तिला तिच्याच माणसांची कथा सांगितलीस. एकट्या बाईला आधी काय द्यावं ते तेव्हा समजलं, मग आता काय झालं? मला कथा नको सांगूस. मला येते. तू नुसती ऐक. एवढं ऐक रे बाबा!"

ती परत दगडावर येऊन बसली. डोळे गच्च मिटले. म्हणाली, "सीतामाई झाडाखाली बसली होती."

"हूं."

ती दचकली. खिंडीत वारा घुमतो, हे तुम्हीही मघाशी ऐकलंत. वाराच असेल, असं तिनं मनाला सांगितलं आणि पुढचं वाक्य म्हटलं. वाक्य संपलं आणि पुन्हा हूं आलं. ती मुद्दाम वाक्याच्या मध्येच थांबली. काही आलं नाही. वाक्य पुरं केलं, तेव्हा आलं. वारा काही वाक्य संपायची वाट बघत नाही.

तिनं डोळे उघडले नाहीत. उघडले आणि तिथं कुणी नसलं तर? तशीच सांगत राहिली. माईनं आवाजाच्या दिशेनं वर बघितलं, पानांत बसलेला तो तिला दिसला, इथपर्यंत कथा आली. माईजवळ आपलं माणूस पोचलं. तेव्हा कुठं सासऱ्याचा नियम आठवून येसाईनं कथा बांधली आणि डोळे उघडले.

मारुती बसलेला होता. गुडघ्यावर कोपर, तळव्यावर हनुवटी, तोंड तिच्याकडे. उभ्यानं किती ऐकणार म्हणा!

पुढं रोज कथा होत गेली, असं सांगतात. सेतू बांधून झाला, युद्ध झालं. येसाईची भाकरी अर्ध्यावर आली, पाणी ओंजळीवर आलं, पण ती तगून राहिली. म्हणायची म्हणे, सांगायचं असलं की माणसाला मरायला सवड होत नाही.

पाऊस झाला, झरा वाहू लागला, पेरणीला गाव परतलं. पाटील सगळ्यांच्या पुढं होते. येसाईचं काय झालं असेल, या धास्तीनं ते वाटभर कुणाशी बोलले नव्हते. खिंडीच्या वळणावर त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. देवळातून बाईमाणसाचा आवाज येत होता. आणि बाई थांबली की दुसरा आवाज, खोल, एखाद्या रांजणातून यावा तसा, "हूं."

माणसं पावलं न वाजवता आत आली. येसाई दगडावर बसली होती, हाडांचा नुसता सापळा. समोर मारुती बसलेला. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आलात? बसा. गडबड करू नका, माई अयोध्येच्या वेशीत आलीय."

सगळे ओल्या अंगानं खाली बसले. येसाईनं पुढचं वाक्य म्हटलं आणि थांबली. मूर्तीतून आवाज येईल म्हणून सगळे कान लावून होते. पण त्याच्या आधी रावजी पाटलांच्या तोंडून हुंदका फुटला, आणि हुंदक्यातून त्यांनी म्हटलं, "हूं." मग सगळं गाव म्हणालं. त्या दिवसापासून मारुतीचा आवाज कुणी ऐकला नाही. माणसं आली, मग देवानं कशाला बोलायचं?

राज्याभिषेक झाला, येसाईनं सगळ्यांच्या हातावर तुळशीचं पान ठेवलं. पाटलांनी तिच्या पायांशी पागोटं ठेवलं. "चुकलो, येसाई. जिला आई म्हणायचं, त्या तुला एकटी टाकून गेलो. काय करू सांग. घर बांधून देतो, जमीन देतो."

"मला काय करायचंय जमिनीचं?" येसाई म्हणाली. "ऐका. एकटं माणूस घरात बोलताना ऐकू आलं की तुम्ही म्हणता, याला वेड लागलं. वेड नसतं रे ते. त्याची कथा अडलेली असते. त्याच्या दारावरून जाताना थोडं थांबा आणि हूं म्हणा. एवढंच करा."

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली म्हणे. गेली तेव्हाही देवळातच गेली, आणि तिच्या शेजारी शेजारीण होती, तीच अबोल्याची.

आजही आसाणवाडीत चैत्रात रामकथा होते. आजही ती रडत्या माणसाला एकटं सोडून बांधत नाहीत. मारुतीला कितीदा कुणी रंग दिला, छप्पर नवं घातलं, पण दाराकडे त्याचं तोंड करायचं कुणाच्या मनात येत नाही. आणि आजही गावात एक रीत पाळतात. पोरं पोटापाण्याला शहराकडे गेली, घरोघरी एकेक म्हातारं उरलंय, त्यामुळे आता तर ती जास्तच पाळावी लागते.

तुम्ही उजेड आहे तोवर निघा. उतरणीला चाफ्याखाली निळ्या दाराचं घर लागेल, हौसाबाईचं. ती आत तांदूळ निवडत बसलेली असेल आणि बोलत असेल. कुणाशी, ते विचारू नका. डोकावूही नका, लाजते ती. तिची कथा कुठं अडलीय ते आम्हांलाही ठाऊक नाही. दाराशी थांबा, तिचं वाक्य संपू द्या, आणि म्हणा, हूं.

आत घटकाभर शांत होईल. मग ती पुढचं बोलायला लागेल. ते ऐकू आलं, की तुम्ही जा.