एक निळा टाका

"फिर्यालनं नक्षी चोरली म्हणे, आता बायकांचं दुकान..." भट्टीपाशी कुणीतरी एवढंच बोललं आणि मला पाहून गप्प झालं. माझ्या हातातली रोटीच पडली! फिर्याल माझी शेजारीण. नाब्लुसजवळच्या आमच्या निर्वासित छावणीतल्या वीस बायकांची घरं तिच्या भरतकामाच्या दुकानावर चालतात.

खरं-खोटं कळावं म्हणून मी छावणीच्या पंचांकडे धावले. तिथे शहरातला कापडव्यापारी अबू नाएफ यंत्रावर भरलेल्या शालींचा ढीग टाकून गरजत होता, "ही सुरूच्या झाडांची नक्षी माझी. यांचं दुकान बंद करा!"

समोर उभी असलेली फिर्याल म्हणाली, "अबू नाएफ, तुमच्या नक्षीत एखादी चूक राहिली असेल का हो?"

"माझ्या? एका टाक्याचीही नाही!"

"मग लाल झाडाच्या शेंड्याला हा निळा टाका कसा?" तिनं त्याच्याच ढिगातली एक शाल पंचांपुढे धरली. "दृष्ट लागू नये म्हणून आम्ही बायका एक टाका मुद्दाम चुकवतो. माझा हा, माझ्या झग्यावरही बघा. तुमचं यंत्र बिचारं प्रामाणिक, त्यानं चूकसुद्धा उतरवून घेतली!"

पंचांनी शाली उलगडल्या. प्रत्येकीवर तोच निळा टाका! मी तर तोंडावर हातच ठेवला. अबू नाएफ ढीग तिथेच टाकून चालता झाला.

दुकान राहिलं. नक्षी चोरीला गेली होती हे खरंच निघालं, चोर तेवढा दुसरा होता. पण पंचांकडे येताना वाटेतल्या चार घरी मी चोर म्हणून फिर्यालचंच नाव सांगून आले होते. आता पुन्हा त्याच चार दारांत जाणं आलं.