ज्याचा ओंडका त्याने तासायचा

आपल्या मुलांच्या पाठीवरचे ओंडके कुणीतरी एका मापाचे करून टाकले, आणि वर त्यालाच शिस्त असं नाव दिलं. कुणी केलं ते मी सांगणार नाही. ज्यांनी केलं ते ही गोष्ट वाचतीलच, मान डोलावतील आणि आणखी चार जणांना पाठवतीलही. त्यांच्या शेजारी बसून मुलांनाही ती वाचता यावी, म्हणून सोप्या शब्दांत लिहितो.

फार पूर्वी, नदीच्या एका मोठ्या वळणावर एक गाव होतं. नदी बारमाही होती. ऐन उन्हाळ्यातही मधल्या डोहात पुरुषभर पाणी असे. गावाचा बाजार नदीपलीकडे, देऊळ पलीकडे, निम्म्या गावाच्या सोयरिकी पलीकडे. पूर्वी कधीतरी एक होडी उलटली होती. तेव्हापासून गावाने नियम केला होता की ज्याने एकदा नदी पोहून पार केली आहे, त्यानेच होडीत पाय ठेवायचा. मग तो पाटलांचा मुलगा का असेना.

गावात पोहायला शिकवणारा एक म्हातारा होता. नदीकाठी, पांगाऱ्याच्या झाडांखाली त्याची झोपडी होती. पांगाऱ्याचं लाकूड फार हलकं. वाळलं की पाण्यावर पिसासारखं तरंगतं. शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाला म्हातारा त्याचा एक ओंडका देई. तो सुंभाने पाठीवर बांधायचा आणि पाण्यात उतरायचं, की मूल बुडत नसे. ओंडका जसजसा लहान होईल, तसतसं पाणी मुलाला स्वतःच पेलावं लागे.

पण तो लहान कुणी करायचा? ज्याचा ओंडका त्याने. रोज सकाळी म्हातारा मुलाच्या हातात विळा देई आणि एवढंच विचारी, "आज किती तासायचा?"

कुणी म्हणे बोटभर. कुणी म्हणे, आज नको, काल नाकात पाणी गेलं. म्हातारा "बरं" म्हणे. एखादा फुशारकीने निम्मा ओंडका उडवून टाकी आणि गटांगळ्या खाई. म्हातारा त्याला केसांना धरून वर काढी, नवा ओंडका देई आणि ओरडत मात्र नसे. काठावरचं कुणी फिदीफिदी हसलं, तर तो हसणाऱ्याला जवळ बोलावी आणि त्याच्या स्वतःच्या पाठीवर अजून किती लाकूड आहे ते मोजायला लावी.

काय दिवस होते ते! चैत्रात पांगारा लालभडक फुललेला असे. झोपडीच्या वळचणीला मुलांचे ओंडके वाळत टांगलेले असत. कुणी आपल्यावर कोळशाने मासा काढलेला, कुणी सूर्य, कुणी नुसतीच एक वाकडी रेघ. तासलेल्या ढलप्या पाण्यात टाकायच्या आणि कुणाची आधी वळणाच्या पलीकडे जाते ते बघायचं. ओठ निळे पडेपर्यंत पाण्यात राहायचं आणि मग तापलेल्या खडकावर पालथं पडून शेंगदाणे-गूळ खायचा. पार होण्याचा असा एक ठरलेला दिवस नव्हता. ज्या सकाळी मूल म्हणे, "आज ओंडकाच नको," ती त्याची सकाळ. त्या दिवशी त्याच्या घरचे गावात गूळ वाटत. वर्षभर कुठल्या ना कुठल्या घरून गूळ येई.

मग म्हातारा वारला.

त्याच्याकडेच शिकलेला एक तरुण गुरुजी झाला. पाण्यात तो माशासारखा होता. पाटलांनी त्याला वाड्यावर बोलावलं आणि सांगितलं की वरच्या अंगाच्या गावात सगळी पोरं एकाच दिवशी, एका रांगेत नदी पार करतात. ते बघायला लांबून पाहुणे येतात. आपल्याकडे नुसता गोंधळ. कोण कधी पार होतं याचा कुणाला पत्ता नाही. तेव्हा यंदा अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाहुण्यांसमोर, आपली सगळी पोरं एकदम पार झाली पाहिजेत. जे त्या दिवशी राहील, ते पुढच्या अखितीपर्यंत काठावरच राहील.

गुरुजी तरुण होता. त्याला लवकर काहीतरी करून दाखवायचं होतं. त्याने सगळे ओंडके करवतीने एका मापाचे केले, त्यांवरचे मासे आणि सूर्य पुसून टाकले आणि विळा खुंटीला अडकवला. आता रोज तोच प्रत्येक ओंडक्यातून बोटभर लाकूड काढी. पोहण्याचे सात नियम त्याने तयार केले. मुलं ते काठावर बसून तालात म्हणत. आणि सगळ्यांचे हात एकदम पडावेत म्हणून त्याने एक ढोल आणला. ढोल वाजला की उजवा हात, पुन्हा वाजला की डावा. महिनाभरात मुलं अशी एका तालात पोहू लागली की पाटील रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बघत बसत.

मुलं बारा होती. अकरा तालात होती. बारावी येसू.

येसूला आई नव्हती. तिला वाढवलं ते तिच्या अक्काने. अक्काचं लग्न होऊन ती नदीपलीकडे गेली, आणि तिची सासू अंथरुणाला खिळल्यामुळे वर्षभरात तिला माहेरी येता आलं नव्हतं. नावाड्याने नुकताच निरोप आणला होता की अक्काला मुलगी झाली. येसूला ते बाळ बघायचं होतं. रोज ती नावाड्याला विचारी की बाळ कुणासारखं दिसतं. तो रोज सांगे, "बटाट्यासारखं."

पण येसू काही केल्या तालात येईना. तिला सातही नियम पाठ होते. डोकं पाण्यात घालायची वेळ आली की मात्र ती मान उंच धरी आणि हात थांबवी. गुरुजीने समजावलं, रागावला, इतर मुलांकडे बोट दाखवलं. एक गोष्ट त्याने केली नाही. असं का होतं, ते तिला विचारलं नाही. त्याला वेळ नव्हता. अखिती जवळ येत होती.

अखिती आली. काठावर मांडव पडला. डोहात चार होड्या उभ्या राहिल्या. मुलं ओळीने घाटाच्या पायरीवर उभी राहिली, पाठी मोकळ्या. ढोल वाजला आणि अकरा मुलांनी एकदम उड्या घेतल्या. येसू शेवटच्या पायरीवर तशीच उभी राहिली. तिच्याकडे कुणी बघितलं नाही, कारण बाकीची मुलं खरोखर सुंदर पोहत होती.

मुलं डोहाच्या मध्यावर पोचली आणि वैशाखातला वारा सुटला. उलटा. ढोल वाजत होता, पण त्याचा आवाज वारा गावाकडे ओढून नेत होता. पाण्यावर काहीच ऐकू जाईना. अकराही मुलांचे हात थांबले. मुलं काठाकडे माना वळवून बघू लागली, आणि बघता बघता एकेक जण खाली जाऊ लागलं.

होड्या होत्या म्हणून निभावलं. नावाड्यांनी अकराच्या अकरा मुलं ओढून वर घेतली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. एका मुलाला पोटातलं पाणी काढून नावाड्याने विचारलं, की अरे, हात का थांबवलेस, पोहता तर चांगलं येतं तुला. मुलगा म्हणाला, "ढोल बंद झाला ना."

काठावर पाटील संतापले होते. पाहुणे एकमेकांच्या कानात कुजबुजत होते. पाटील म्हणाले की पुढच्या वर्षी दोन ढोल आणू, पाहिजे तर चार आणू, पण आवाज पलीकडपर्यंत गेला पाहिजे.

गुरुजीच्या हातात ढोल वाजवायचं टिपरू तसंच होतं. त्याला बोलायचं नव्हतं. पाटलांनी त्यालाच पुढच्या वर्षाचं बघायला सांगितलं होतं. नुसतं "बरं" म्हटलं असतं, तर सगळं निभावून गेलं असतं. पण त्याचं लक्ष पायरीवर गेलं. तिथे येसू अजून उभी होती आणि पलीकडच्या काठाकडे बघत होती.

"पाटील," तो म्हणाला, "पोरं ढोल ऐकत होती. पाण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. चूक माझी आहे."

"मग सुधारा."

"सुधारतो. ढोल ठेवतो खाली."

"ढोल ठेवलात तर गुरुजीपणही ठेवा," पाटील म्हणाले. "आणि ही पोरगी पुढच्या अखितीपर्यंत होडीत दिसता कामा नये."

गुरुजीने ढोल मांडवात ठेवला, टिपरू त्यावर ठेवलं आणि नमस्कार केला. पाहुण्यांसमोर त्याची मान खाली गेली होती. मग तो तडक झोपडीत गेला आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला, तेव्हा त्याच्या एका हातात एक मोठा, अजिबात न तासलेला ओंडका होता आणि दुसऱ्या हातात खुंटीवरचा विळा. तो येसूजवळ बसला आणि त्याने विळा तिच्यापुढे धरला.

"आज किती तासायचा?"

येसूने ओंडका हातात घेऊन बघितला. "आज नको," ती म्हणाली.

"बरं," गुरुजी म्हणाला. आणि मग इतक्या महिन्यांत जे विचारलं नव्हतं ते त्याने विचारलं. "पाण्यात काय होतं गं तुला?"

"कान बंद होतात," येसू म्हणाली. "मग कुणी हाक मारली तर कळायची कशी?"

एवढंच होतं. गुरुजी स्वतःशीच हसला, आणि मग त्याला स्वतःची लाज वाटली. पाण्याला ती भीतच नव्हती. तिच्या अक्काने तिला लहानपणापासून हाका मारून मोठं केलं होतं, आणि हाक ऐकू न येण्याची तिला भीती वाटत होती. सात नियमांत याला कुठेच जागा नव्हती.

"मग तूच सांग, कसं पोहायचं ते," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून येसू पाण्यात नाना प्रकार करून बघू लागली. उताणी झाली, तर दोन्ही कान बुडाले. कुत्र्यासारखं पोहून बघितलं, तर मान दुखली. मग एके दिवशी ती एका कुशीवर वळली, झोपताना वळतो तशी. एक कान पाण्यात, एक कान वर. एक हात पुढे जाई, दुसरा पाण्याला मागे सारी. तिला एकदम हसूच फुटलं आणि तोंडात पाणी गेलं. बाहेर येऊन तिने विळा मागितला आणि पहिल्यांदा बोटभर लाकूड तासलं.

गुरुजी काठावर बसून असे. काही विचारलं तर सांगे, नाहीतर गप्प बसे. गप्प बसणं त्याला फार जड जाई. किती वेळा शब्द अगदी ओठांवर येत आणि तो दुसरीकडे बघू लागे. मग बाकीची मुलंही एकेक करून परत येऊ लागली. कुणी ओंडका मागितला, कुणी आधी नुसतंच खडकावर बसून बघितलं. 'ढोल बंद झाला ना' म्हणणाऱ्या मुलाने आपल्या ओंडक्यावर कोळशाने एक मांजर काढलं. ते डुकरासारखं झालं होतं, पण गुरुजीने काही पुसलं नाही.

मृग तोंडावर आला. एकदा पूर आला की चार महिने नदीत उतरता येणार नव्हतं, आणि तोवर बाळ रांगायला लागलं असतं. गुरुजीला हे माहीत होतं. येसूलाही माहीत होतं. तरी त्याने तिला घाई केली नाही. त्या दिवसांत त्याला धड जेवण जात नव्हतं.

एके सकाळी येसू आली. ओंडका तासून तासून लिहायच्या पाटीएवढा राहिला होता. गुरुजीने विळा पुढे केला. तिने तो घेतला नाही. ओंडका वळचणीला टांगला आणि सरळ पाण्याकडे चालू लागली.

नावाडी होडी घेऊन बऱ्याच अंतरावरून मागे निघाला. पाटलांनी हिला होडीत घ्यायला मना केलं आहे, पण नदीत पोहायला काही मना केलेलं नाही, असं त्याने आधीच पक्कं करून ठेवलं होतं. मांडव नव्हता, पाहुणे नव्हते. काठावर गुरुजी होता, आणि थोड्या अंतरावर एक बाई धुणं धूत होती.

येसू कुशीवर वळली आणि निघाली. डोहाच्या मध्यावर वारा सुटला. गुरुजी उभा राहिला. वाऱ्याबरोबर पाणी तिच्या तोंडावर येत होतं. ती थांबली, जरा वेळ नुसतीच तरंगली, मग दुसऱ्या कुशीवर वळली आणि पुन्हा हात मारू लागली. असं वळायचं असतं हे गुरुजीलाही सुचलं नव्हतं. पलीकडच्या काठावर एक बाई बाळाला छातीशी धरून धावत येताना दिसली. ती हाका मारत होती. त्या इकडे ऐकू येत नव्हत्या, पण येसूचे हात भराभर चालू लागले, त्यावरून तिला त्या ऐकू येत असाव्यात.

ती पोचली. चिखलातून वर गेली आणि तशीच ओल्या अंगाने बाळाला घ्यायला हात पुढे केले. अक्काने आधी तिला पदराने पुसलं.

आता अशा गोष्टीच्या शेवटी तात्पर्य सांगायची पद्धत आहे. ते माझं मी घातलं असतं, पण त्या सकाळी ते काठावरच सांगून झालं होतं.

धुणं धुणारी बाई पिळा हातात धरून सगळं बघत राहिली होती. तिने गुरुजीला विचारलं, "असं कुशीवर पोहायला तुम्ही शिकवलंत हिला?"

"नाही," गुरुजी म्हणाला. "मी नाही शिकवलं."

"मग चांगलंच शिकवलंत की," बाई म्हणाली आणि पुढचं लुगडं आपटायला घेतलं.