काचेतला पिवळा

राजवाड्याच्या खिडक्यांना नव्यानेच रंगीत काचा लागल्या होत्या, त्या काळची ही गोष्ट. एका गावात दोघे रंगारी भाऊ राहत. आईबाप गेल्यावर थोरल्यानेच धाकट्याला वाढवले होते. थोरला भांड्यापाशी राबे, गिऱ्हाइकांशी बोलणे धाकट्याकडे असे.

एकदा राजाने रंगाऱ्याला बोलावले. धाकटा गेला. तांबड्या काचेतून आणि हिरव्या काचेतून आलेले ऊन फरशीवर जिथे एकावर एक पडले होते, तिथे लखलखीत पिवळा उमटला होता.

"राजकन्येच्या लग्नाला या रंगाचा शेला हवा. जमेल?"

रंगाऱ्यांची रीत अशी, की आधी चिंधी रंगवायची, उन्हात वाळवायची, मगच शब्द द्यायचा. पण धाकटा पडला उतावळा. "जमेल महाराज! हुबेहूब!"

घरी येताच त्याने तांबडा नि हिरवा रंग एका भांड्यात ओतला. कापड निघाले चिखलासारखे.

थोरला हसला. "अरे शहाण्या, उजेडात उजेड मिसळला की उजळतो. रंगात रंग मिसळला की काळवंडतो. काचेतला पिवळा भांड्यात कुठून यायचा?"

मग हळद आणि डाळिंबाची साल घेऊन त्याने एक शेला रंगवला. "कापडाला याहून जवळ जाता येत नाही. हा घेऊन जा, आणि सरळ सांग."

"हुबेहूब म्हणालोय मी, दादा! आता कोणत्या तोंडानं जाऊ? तूच कर काहीतरी. तुला येत नाही असं काही आहे का?"

धाकट्याचे पडलेले तोंड थोरल्याला पाहवले नाही. त्याने हरताळ आणला. त्या विषारी दगडाचा पिवळा सगळ्यांत झगझगीत. पण तो चुलीवर चढवायचा नसतो, हे रंगाऱ्यांच्या पोरासोरांनाही ठाऊक. थोरल्याने चढवला. धाकट्याला वाफ लागू नये म्हणून दार आतून लावून घेतले.

दार फोडले तेव्हा थोरला भांड्याशेजारी पडला होता. बोटे पिवळी, ओठ काळे. आणि भांड्यातला रंगही काचेतल्यासारखा नव्हताच.

सुतक फिटल्यावर धाकटा हळदीचा शेला घेऊन राजापुढे उभा राहिला. "हुबेहूब होत नाही, महाराज."

राजाने शेला उलगडला. "अरे, सुरेख आहे की! उन्हाचा रंग कापडावर थोडाच येतो? एवढंच आधी सांगायचंस."

हे सांगायला धाकटा धावत घरी गेला. उंबऱ्यापर्यंत पोचल्यावर त्याला आठवले, की आत कोणी नाही.

लहानथोरांनो, 'जमत नाही' म्हटल्याने फार तर लाज जाते. ते वेळेवर न म्हटल्याने माणूस जातो.