नळीतलं काळं तेल

शुद्धलेखन चुकलं असेल तर माफ करा. शाळा नववीत सुटली, त्यामुळे शब्दही साधेच येतात. जे झालं ते तसंच लिहितो.

"उस्ताद, माझं काय चुकलं?" मी विचारलं.

"काहीच नाही."

"मग जा का म्हणता?"

"चुकलं असतं तर ठेवून घेतला असता," उस्ताद म्हणाले. "दुरुस्तीला."

दारात बसलेल्या वैजयंताताई हसल्या. मला हसू आलं नाही.

गुलाब मुजावर, म्हणजे आमचे उस्ताद, बार्शीत एका दर्ग्याच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत स्पीकर दुरुस्त करतात. सकाळ-संध्याकाळ दर्ग्यात ऊद लावायचा, मधल्या वेळात लोकांचे फाटलेले आवाज नीट करायचे. खोलीत दोघांपुरतीच जागा आहे. सहा वर्षं त्यातली एक माझी होती. तांब्याच्या तारेची कॉइल गुंडाळणं, कथलाचा डाग देणं, स्पीकरचा पडदा चिकटवणं सगळं मी करायचो. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम मात्र उस्तादांचं. कोणी आलं की मी भिंतीकडे तोंड करून बसायचो. अनोळखी माणसापुढे माझा शब्दच फुटत नाही.

वैजयंताताई एका कारखान्यात पंख्याच्या मोटारींत तार भरायच्या. तो कारखाना बंद पडला. तीन दिवस त्या रोज येत होत्या, काम शिकवा म्हणत होत्या. आणि उस्ताद मला म्हणत होते, वैरागला जा. तिथले स्पीकर दुरुस्तीला इथवर येतात, तूच तिकडे जाऊन बस.

"मी जाणार नाही," मी म्हणालो. "तुम्ही नुसता हात पुढे केलात तरी काय हवंय ते मला कळतं. असा दुसरा मिळेल तुम्हाला?"

उस्ताद उठले.

त्यांनी फळीवरून काचेची एक नळी काढली. बांगडीसारखी वाटोळी, दोन्ही तोंडं जोडलेली, ताटलीएवढी. आत काळं तेल होतं. काही स्पीकरमध्ये हे तेल कॉइलभोवती घालतात, कॉइल तापून जळू नये म्हणून. त्यात लोखंडी भुकटी असते, इतकी बारीक की कधी तळाला बसत नाही. चुंबक जवळ नेलं की सगळं तेल तिकडे धावतं.

नळी त्यांनी टेबलावर आडवी ठेवली. तिच्यावर एका जागी इस्त्रीतली, वीज दिली की तापणारी तार गुंडाळलेली होती. उस्तादांनी ती चालू केली.

"समोरच्या बाजूला बोट ठेव. तारेपासून लांब."

ठेवलं.

"काय?"

"गार आहे."

थोडा वेळ गेला. तारेजवळची काच हात लावू देईना. माझ्या बोटाखाली तेल होतं तसंच गार.

"उभी असती तर तापलेलं तेल वर चढलं असतं," मी म्हणालो. "आडवी आहे. जाणार कुठे?"

"बरोबर."

त्यांनी तार बंद केली. ती निवल्यावर तिच्या शेजारी एक छोटं चुंबक टेकवलं.

"आता?"

"आता तेल चुंबकाला धरून बसलं असणार. म्हणजे आताही हलत नसेल."

"बरोबर. आता दोन्ही."

चुंबक तिथेच ठेवून त्यांनी तार परत चालू केली. मी बोट ठेवून बसलो. चहा आला. चहा संपला...

आणि बोटाला ऊब लागली.

मी बोट काढलं, दुसरं ठेवलं. ऊब होतीच. नळीत पंप नाही, पंखा नाही, काही नाही. आणि तेल गोल फिरत होतं!

"ढकलतंय कोण?" मी विचारलं.

"तूच सांग."

"चुंबक ओढतंय."

"ओढतंय तर मग त्याच्यापाशी थांबत का नाही?"

वैजयंताताई दारातून पुढे सरकल्या.

"तापलं की त्याची ओढ कमी होते," उस्ताद म्हणाले. "मागून गार तेल येतं. त्याची ओढ जास्त. ते पुढे घुसतं, तापलेल्याला सरकावं लागतं."

माझ्या डोक्यात लगेच एक गोष्ट आली. राग विसरलो. कोपऱ्यात अठरा इंची स्पीकरचं मोठं चुंबक पडलं होतं, दोन हातांनी उचलावं लागेल असं.

"उस्ताद, हे लावलं तर तेल पळतच सुटेल."

"लाव की."

"बघा हां तुम्ही."

मी ते आणून नळीला टेकवलं, छोट्याच्या जागी. तेल एकदम तिकडे खेचलं गेलं. मी ऐटीत समोर बोट ठेवलं. खूप गरम लागणार म्हणून आधीच तयारीत होतो.

ऊब कमी झाली.

अजून कमी झाली. मग गार.

"बोट बदलून बघा," वैजयंताताई म्हणाल्या. "तुमचंच गार पडलं असेल."

मी बदललं. गारच होतं. मी वाकून चुंबकाजवळ पाहिलं. तिथे तेल तेलासारखं दिसतच नव्हतं. थिजलेल्या तुपासारखं घट्ट झालं होतं. तार मात्र तापतच होती. करपल्याचा वास आला.

"भाऊ, जळतंय!" वैजयंताताईंनी बटण बंद केलं.



उस्तादांनी मोठ्या चुंबकावर हात ठेवला. बसलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

"फार जीव लावतंय," ते म्हणाले.

मी मान खाली घातली...

"काढू?"

"काढ."

दोन्ही हातांनी ओढून काढावं लागलं. छोटं परत लावलं. वैजयंताताईंनी बटण चालू केलं, कोणी न सांगता. उस्तादांनी नुसता हात पुढे केला होता. ते मला दिसलं.

या वेळी बोट वैजयंताताईंनी ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग चेहरा उजळला.

"आली!" त्या म्हणाल्या. "अहो, आली की ऊब!"

एक गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं. मी सवयीने भिंतीकडे वळलो. उस्तादही बोलेनात. ते माझ्याकडे बघत होते. गिऱ्हाईक आमच्या तिघांकडे बघत होतं.

शेवटी वैजयंताताईच म्हणाल्या, "काय बिघडलंय दादा? ठेवा इथे, बघते. म्हणजे... बघतात हे."

तो माणूस स्पीकर ठेवून गेला. माझे कान तापले होते.

मी नळीजवळ परत बसलो. एकच गोष्ट विचारायची होती, पण विचारायला धीर होईना. मग विचारलं.

"उस्ताद... गेलेलं तेल परत येतं ना चुंबकाकडे?"

"येतं. वाटोळी आहे नळी."

"नक्की?"

"येतं. पण वाटेत कोणाच्या तरी बोटाला ऊब देऊन. ती ऊब तशीच घेऊन आलं तर चुंबक त्याला ओळखत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वैरागला उतरलो. बाजारातल्या पहिल्या मंडपवाल्याच्या दुकानासमोर बराच वेळ उभा राहिलो. मग आत गेलो आणि म्हणालो, "मी स्पीकर दुरुस्त करतो."

तो म्हणाला, "काय? जरा मोठ्याने बोला."

मी परत बोललो, मोठ्याने.