दोन दिवसांत काळं झालेलं ऑइल

“पण उस्ताद, परवा बदललेलं ऑइल आज एवढं काळं कसं?”

हिंदुरावने इंजिनातून ओढलेली ऑइल मोजायची पट्टी उस्तादांच्या नाकासमोर धरली. टोकावरचं ऑइल काजळासारखं होतं.

इलाही उस्ताद शिरोली नाक्यावर ट्रकची डिझेल इंजिनं बांधत म्हातारे झाले होते. हिंदुरावही एकेकाळी त्यांच्याच हाताखाली होता. पण पंधरा दिवसांतच डिझेलच्या कामाला कंटाळला आणि त्याने गावात मोटारसायकलींचं गॅरेज काढलं. ते चाललंही झकास. आता त्याने नवाकोरा ट्रक घेतला होता आणि तो चालवायला थोरला भाऊ आण्णा बसवला होता.

“वास घे, जळका येतोय का बघ,” उस्ताद म्हणाले.

“वास कशाला? मी बी ऑइलातच हाय की! माझ्या गाड्यांचं ऑइल दीड-दोन महिनं मधासारखं ऱ्हातंय. आण्णानं बदललंच न्हाई, उस्ताद. कंपनीच्या वर्कशॉपात जाऊन आलो म्हणतोय. पावती मागितली, तर हरवली म्हणतोय.”

“मग?”

“मग काय! ठरल्या किलोमीटरला, त्यांच्याच वर्कशॉपात ऑइल बदललं न्हाई, तर वॉरंटी गेली. उद्या इंजिन बसलं तर मी कुणाच्या दारात जाऊ? चावी काढून घेतली त्याच्याकडनं. चार डायव्हरांदेखत.”

“काय म्हणाला?”

हिंदुरावने पट्टी खाली केली.

“काय न्हाई. गप चावी ठेवली…”

बाहेर रस्त्याकडेला आण्णा पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. गावाकडच्या एसटीची वाट बघत. बाप गेल्यावर याच माणसाने लोकांच्या गाड्या हाकून धाकट्याला वाढवलं होतं आणि एक दिवस हाताला धरून उस्तादांच्या याच गॅरेजात आणून सोडलं होतं. हिंदुरावला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण राग आला की माणसाला ठाऊक असलेलंच आधी आठवेनासं होतं.

उस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले आणि कोपऱ्यातल्या दुसऱ्या ट्रककडे गेले.

“ह्याच्यात सकाळी मी माझ्या हातानं नवं ऑइल वतलंय. एक चक्कर मारून आणलाय. काढ पट्टी.”

हिंदुरावने पट्टी ओढली. फडक्याने पुसली, पुन्हा बुडवली, पुन्हा ओढली.

काळी.

“सकाळी?” त्याने विचारलं.

“सकाळी.”

“तरी काळं?”

“डिझेलची काजळी जाणार कुठं, लेका? ऑइल ती पोटात घेतंय, म्हणून इंजिन जगतंय. काळं दिसलं की बदलायचं म्हणशील, तर रोज सकाळी बदलाय लागंल.”

हिंदुराव पट्टी हातात धरून तसाच उभा राहिला. या गॅरेजात टिकला असता, तर हे तो पहिल्याच महिन्यात शिकला असता. त्याने बाहेर पाहिलं. आण्णाच्या सदऱ्याची मागची बाजू घामाने पाठीला चिकटली होती. लांबून एसटी येताना दिसली की तो अर्धवट उठे, पाटी वाचे, परत बसे.

हिंदुरावने पट्टी उस्तादांच्या हातात दिली.

“म्हणजे… खरं बोलला असंल की ओ, उस्ताद.”

उस्ताद पट्टी पुसत होते.

“लई चुकलं माझं,” हिंदुराव म्हणाला. त्याने घाईघाईने मोबाइल काढला. “एक मिनिट. वर्कशॉपला फोन लावतो. गाडी आलती म्हणाले की तसाच जातो, पाय धरतो आण्णाचं.”

उस्तादांनी पुढे होऊन मोबाइलवर हात ठेवला. काच तेलकट झाली. हिंदुरावला नंबर दिसेना.

“उस्ताद, खात्री नको करायला?”

“हवी की.”

“मग?”

रस्त्यावर एसटी थांबली. आण्णा पिशवी काखेत मारून उठला.

उस्तादांनी हिंदुरावच्या खिशाकडे बोट दाखवलं.

“आदी चावी दे जा त्याला… मग लाव फोन.”