पगडीचा न्याय आणि कमळजेचं मुसळ

एका राज्यात, नाव विचारू नका, ते सांगायची मला बंदी आहे, मणिकेतू नावाचा राजा होता. राजवाड्यापुढे काळा शिलास्तंभ, त्यावर कायदा कोरलेला: जिवावर बेतलं तरच जीव घ्यावा. निवाड्याची रीतही ठरलेली. खून झाला त्या जागी राजाने स्वतः उभं राहायचं आणि मारणाऱ्याचं भय आधी भोगायचं. पण राजाला कामं का थोडी? मणिकेतू आपली पगडी पाठवी. चौघे भोई पालखीतून ती नेत, घटकाभर तिथे ठेवत, परत आणत. पगडीला कसलं आलंय भय! पण कुणाला त्यात वावगं दिसत नसे.

त्याच राज्यात धूम्रकेश नावाचा जादूगार राही. तो कुणाला ओरखडाही काढत नसे. समोरच्याच्या कपाळाला निळं पीस लावी आणि त्याच्या मनातून एक माणूस काढून नेई. कमळजा नावाच्या बाईच्या मनातून त्याने तिचा नवराच नेला. तो बिचारा घरातच असे, रोज सांगे, "अगं, मी तुझा नवरा." ती म्हणे, "असाल बुवा," आणि पदर सावरून लांब बसे.

मग एके दुपारी धूम्रकेश तिच्या मनातून तिची लेकही न्यायला आला. कमळजा भात कांडत होती. तिने मुसळ त्याच्या डोक्यात घातलं. मरता मरता तो म्हणाला, "माझ्या खुनाचा खरा निवाडा होईतो या राज्यातली वाट कुणालाही हव्या त्या जागी नेणार नाही."

झालं! पाण्याला निघालेल्या बायका स्मशानात पोचल्या, वरात गोठ्यात शिरली. कमळजेला दरबारात आणायला शिपायांना सात दिवस लागले. पगडीची पालखी तर कुंभारवाडा फिरून आली.

राजाने विचारलं, "पळाली का नाहीस?"

"दारात तोच उभा होता, महाराज."

"ओरडली का नाहीस?"

"ओरडले. शेजारी आले. म्हणाले, रक्त कुठाय? आणि गेले."

"मग हातावर मारायचं होतंस."

"आधी हातावरच मारलं. त्याने पीस दुसऱ्या हातात घेतलं."

राजा गोंधळला. तो तुझा जीव घेत नव्हता, असं म्हणावं, तर बाईचे डोळे बघवेनात. सोडावं, तर स्तंभ समोर उभा. शेवटी म्हणाला, "देहदंड." मारेकरी तिला घेऊन वधस्तंभाकडे निघाला तो मुदपाकखान्यात पोचला. राजा चिडून म्हणाला, "बरं, निर्दोष." कमळजा घरी निघाली आणि पुन्हा दरबारातच आली. राजाने कपाळाला हात लावला.

दरबारात चित्राक्ष नावाचा म्हातारा भारद्वाज पक्षी होता. राजाला बोलायला त्यानेच शिकवलं होतं. तो म्हणाला, "महाराज, दोन्ही निवाडे पगडीचे झाले. तिसरा आपला द्या. वाट सोडा, शेतातून माझ्यामागे या."

राजा अनवाणी चिखल तुडवत कमळजेच्या घरी गेला, मुसळाजवळ उभा राहिला. चित्राक्षाने तिथेच पडलेलं धूम्रकेशाचं निळं पीस चोचीत धरण्याआधी बजावलं, "ही नुसती परीक्षा आहे. पुरे म्हणालात की मी थांबेन."

पीस कपाळाला लागलं. राजाच्या मनातून युवराज रत्नांगदाचं पहिलं पाऊल गेलं. मग त्याचं हसू गेलं. मग तोंड पुसट व्हायला लागलं. पुरे म्हणायचं राजाला सुचलंच नाही. त्याने मुसळ उचललं आणि घातलं.

चित्राक्ष जागीच मेला.

राजाने मुसळ खाली ठेवलं. मग म्हणाला, "कमळजा निर्दोष आहे. मन रिकामं करणारा जीवच घेतो, आणि तिला दुसरा उपाय उरला नव्हता. मला होता. एक शब्द बोलायचा होता. मी गुन्हेगार आहे. माझा निवाडा पंचांनी करावा."

शाप तुटला. वाटा सरळ झाल्या, पिसात कोंडलेली माणसं ज्याच्या त्याच्या मनात परतली. कमळजा नवऱ्याकडे बघून रडली आणि लगेच भांडलीही, "अहो, किती वाळलात! जेवत नव्हता की काय?"

राजा पक्ष्याला ओंजळीत घेऊन राजवाड्यात आला. रत्नांगद धावत पुढे आला.

"बाबा, चित्राक्षाला कुणी मारलं?"

"मी."

"त्याने आपल्याला काय केलं होतं?"

"काही नाही रे," राजा म्हणाला. "मी घाबरलो होतो."

मुलाने ओंजळीतून पक्षी आपल्याकडे घेतला आणि बापाकडे पाठ केली. कहाणी खरी की खोटी ते ऐकणाऱ्याने ठरवावं, मी सांगून मोकळा झालो.